विश्वास घरचा, स्थान दारचें!

पेढीच्या तिजोरीची किल्ली ज्याच्या हातीं द्यावयाची त्या मुनिमाची आपण किती चौकशी करितों हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. त्याचा पूर्वीचा धनी कोण, जामीन कोण, पगार किती, रजा किती, सहीचा अधिकार कोठपर्यंत, जावयाचें झाल्यास किती दिवस आधीं सांगावयाचें, हें सर्व आधीं ठरतें व मगच किल्ली त्याच्या कमरेला लागते. परंतु ज्या बाईच्या हातीं आपण आपलीं मुलें देतों, तिच्याशीं यांपैकीं फारच थोडें ठरतें. तिला मुलांवर रागावण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, घरांतील दुसरें कोणी तिच्या शब्दावर पाणी ओतूं लागलें तर यजमान कोणाची बाजू घेणार, उद्यां तिची गरज सरली तर तिनें कोठें जावें, हे प्रश्न कोणी विचारीत नाहीं. आणि तिनें विचारलेच, तर ‘‘बाई, तुम्ही आमच्या घरच्यासारख्याच आहांत’’ असें गोड उत्तर मिळतें. या उत्तरांतील ‘सारख्या’ हीं तीनच अक्षरें वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावीं. सुखाच्या दिवशीं तीं कोणास ऐकूं येत नाहींत. तंट्याच्या दिवशीं तेवढींच ऐकूं येतात.

कायद्याच्या दृष्टीनें पाहतां हा प्रकार मोठा विलक्षण आहे. दुसऱ्याची मिळकत विश्वासानें सांभाळणाराचीं कर्तव्यें व हक्क १८८२ च्या विश्वस्तांविषयींच्या कायद्यांत कलमवार घालून दिले आहेत. मिळकतीसाठीं त्यानें रास्त खर्च केला तर तो भरून घेण्याचा त्यास हक्क आहे, आणि पेंच पडला तर न्यायालयाचा सल्ला मागण्याची मुभा आहे. दहा हजारांच्या रोख्यांचा विश्वस्त कायद्याला ओळखतां येतो. पण आठ वर्षांच्या मुलीच्या मनाचा जी बाई वर्षानुवर्षें सांभाळ करिते, तिला मात्र यजमानाच्या मर्जीखेरीज दुसरा आधार नाहीं. या मर्जीवर विसंबणें किती धोक्याचें असतें, आणि तें उदार व सुशिक्षित माणसांच्या घरींही कसें धोक्याचेंच असतें, याचें एक बोलकें उदाहरण एकोणिसाव्या शतकांतील लंडन शहरांत घडलें. तें आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

त्या काळच्या इंग्लंडांत धनिकांच्या घरीं राहून मुलांस शिकविणाऱ्या व वळण लावणाऱ्या बाईला गव्हर्नेस म्हणत. १८५१ च्या खानेसुमारींत अशा बायांची संख्या सुमारें २५,००० भरली. त्यांची स्थिति त्रिशंकूसारखी होती. नोकरांच्या पंक्तीला त्यांनीं बसावयाचें नाहीं आणि धन्याच्या पंक्तीला त्यांस मानानें बसवावयाचें नाहीं, अशी तेथील रीत. म्हातारपणीं त्यांच्यावर अन्नान्नदशेची पाळी येऊं नये म्हणून १८४० नंतरच्या दशकांत लंडनमध्यें त्यांच्यासाठीं एक मदतसंस्था काढावी लागली, यावरूनच त्यांच्या पगाराची व मानाची कल्पना येते. ज्यांनीं मोठमोठ्या घराण्यांतील मुलांस वाचावयास शिकविलें, त्यांच्या उतारवयाची तरतूद त्या घराण्यांस करावीशी वाटली नाहीं, ती वर्गणीच्या पैशांतून करावी लागली!

अशा त्या लंडनमध्यें १८५२ सालीं मालविडा फॉन मायझेनबुग नांवाची छत्तीस वर्षांच्या घरांतील एक जर्मन बाई आश्रयाला आली. तिचा जन्म कासेल येथें १८१६ सालीं झाला. घराणें मूळचें फ्रेंच. धर्मच्छळामुळें देश सोडून जर्मनींत स्थायिक झालेलें. वडील हेस-कासेलच्या अधिपतीचे मंत्री होते व त्यांस सरदारकीचा किताब मिळाला होता. भाऊ मोठमोठ्या हुद्द्यांवर चढले आणि सत्तेच्या बाजूचे झाले. बहीण मात्र थेओडोर आल्टहाउस नांवाच्या एका तरुण प्रजापक्षीय लेखकाच्या सहवासानें लोकसत्तेची व स्त्रीस्वातंत्र्याची पक्की अभिमानी बनली. त्यामुळें घरच्यांशीं तिचें पटेना. वडिलांच्या मागें, १८५० सालीं, ती हँबर्ग येथें स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठीं नुकत्याच निघालेल्या विद्यालयांत गेली. पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली तें साल १८४८. म्हणजे येथें मुलींच्या शाळेवर शेणगोळे पडत होते त्याच काळांत सुधारलेल्या म्हणविणाऱ्या जर्मनींतही स्त्रियांच्या विद्यालयावर सरकारची वक्रदृष्टि होती, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. हँबर्गचें विद्यालय १८५२ त बंद पडलें. प्रशियाच्या सरकारनें तर १८५१ मध्यें लहान मुलांच्या बालोद्यानांवरही बंदी घातली होती! मालविडा बर्लिनला गेली. तेथें पोलिसांनीं तिची झडती घेऊन कागदपत्र नेले, आणि अटक टाळण्यासाठीं तिनें इंग्लंडची वाट धरिली. त्याच वर्षीं आल्टहाउस मरण पावला.

लंडनमध्यें ती जर्मन भाषेच्या शिकवण्या करून पोट भरूं लागली. मंत्र्याच्या मुलीनें दारोदार शिकवणीस जावें यांत तिला कमीपणा वाटला नाहीं. स्त्रीनें स्वतःच्या कष्टाचें खावें हें जें मत तिनें घरीं असतांना मांडलें होतें, तेंच आतां तिनें आचरून दाखविलें. आमच्याकडे अशीं मतें मांडणारे पुष्कळ असतात. आचरणाची वेळ आली म्हणजे बहुतेकांस प्रकृतीची कुरकुर सुरू होते.

याच सुमारास अलेक्झांडर हर्झेन हा रशियन लेखक लंडनला येऊन राहिला. मॉस्कोच्या एका धनाढ्य जमीनदाराचा तो पुत्र. बाप वारल्यावर मोठी मिळकत त्याच्या हातीं आली आणि १८४७ च्या आरंभीं त्यानें जो रशिया सोडला तो पुन्हां पाहिला नाहीं. झार निकोलसनें त्याची मिळकत अडकवून ठेविली; परंतु पॅरिसच्या जेम्स रॉथशिल्डनें आपल्या पेढीचें वजन खर्चीं घालून त्याचे पैसे वसूल करून दिले. हा प्रसंग सांगतांना हर्झेननें आपल्या आत्मचरित्रांत रॉथशिल्डला सम्राट व झारला सावकार अशी उलटी पदवी बहाल केली आहे. ती वाचून आमचे व्यापारी बंधु खूष होतील. अशा रीतीनें लंडनमधील बहुतेक निर्वासित फाटक्या कोटांत हिंडत असतां हर्झेनच्या घरीं मात्र नोकरचाकर व खुलें भोजनगृह होतें. मॅझिनी, कोश्शुत, लुई ब्लां यांसारख्या पुरुषांशीं त्याचा परिचय होता. ज्या मॅझिनीचें चरित्र विनायकराव सावरकरांनीं १९०७ सालीं मराठींत आणिलें, तोच हा मॅझिनी; मालविडेचाही त्याच्याशीं स्नेह होता.

घर श्रीमंत होतें, पण सुखी नव्हतें. १८५१ च्या नोव्हेंबरांत बोटीच्या अपघातांत हर्झेनची आई व एक मुका-बहिरा मुलगा बुडून गेला. १८५२ च्या मे महिन्यांत पत्नी वारली. मागें उरलीं तीन मुलें : मोठा अलेक्झांडर, दुसरी नताली आणि सर्वांत धाकटी ओल्गा. १८५३ त मुलें लंडनला आलीं तेव्हां ओल्गा तीन वर्षांचीही झाली नव्हती. बाप रात्रंदिवस राजकारणांत. घरांत येणाराजाणारांची रीघ. वादविवाद, धूर आणि जेवणें मध्यरात्रीपर्यंत. मुलांस आई नाहीं, वेळ नाहीं, वळण नाहीं. अशा वेळीं मालविडा प्रथम शिकवणीस येऊं लागली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस घरांत राहावयास आली.

तिनें काय केलें हें इतिहासाच्या पुस्तकांत ठळक अक्षरांनीं छापलेलें नसतें, म्हणून तें आम्ही मुद्दाम सांगतों. तिनें पाहुण्यांच्या येण्याला आळा घातला. मुलांच्या अभ्यासाच्या, जेवणाच्या व झोंपेच्या वेळा ठरविल्या. रिचमंड, ट्विकनहॅम अशा उपनगरांत कुटुंब राहावयास गेलें, तेथें मुलांस मोकळी हवा मिळाली. हर्झेनच्या आत्मचरित्राचा जर्मन अनुवाद तिनें केला व तो १८५५ पासून प्रसिद्ध झाला. याच काळांत हर्झेननें लंडनमध्यें रशियन भाषेचा स्वतंत्र छापखाना चालविला. १८५५ त ‘ध्रुवतारा’ आणि १८५७ त ‘घंटा’ हीं त्याचीं प्रसिद्ध पत्रें निघालीं व चोरून रशियांत जाऊं लागलीं. त्या छापखान्याचा पाया ज्या वर्षांत घातला गेला, त्याच वर्षांत ही बाई त्याच्या घराचा पाया सांवरीत होती. देशासाठीं झटणाऱ्या पुरुषाचें डोकें मोकळें राहतें तें कोणीतरी दुसरें त्याचें घर डोक्यावर घेतें म्हणून. आमच्या देशभक्तांचीं चरित्रें लिहितांना हा हिशेब जमेच्या बाजूला आम्ही कितीदां मांडला आहे?

मालविडेच्या दृष्टीनें हें घर नोकरीचें ठिकाण राहिलें नव्हतें. रक्तानें मिळालेलें कुटुंब तिनें तत्त्वासाठीं सोडलें होतें; आतां आपण होऊन पसंत केलेलें कुटुंब तिला लाभलें, अशी तिची भावना होती. ओल्गेवर तर तिचा पोटच्या मुलीसारखा जीव जडला. हर्झेनलाही तिच्याविषयीं आदर होता. सर्व कांहीं तिच्यावर सोंपवून तो निश्चिंत होता. तथापि तिचें या घरांत नातें कोणतें, तिच्या शब्दाची मर्यादा कोणती, हें कोणीं ठरविलें नव्हतें. जेथें प्रेम आहे तेथें करार कशाला, असेंच दोघांसही वाटलें असावें.

मग १८५६ चा एप्रिल उजाडला. हर्झेनचा बालमित्र कवि ओगारेव्ह हा आपल्या पत्नीसह रशियाहून आला. त्याची पत्नी नताली ही हर्झेनच्या दिवंगत पत्नीची जिवलग मैत्रीण. आपल्या मागें मुलांचा सांभाळ हिनें करावा अशी त्या माउलीची मरतांना इच्छा होती. ही इच्छा घेऊन ती आली. तिला मालविडेची शिस्त परकी व रुक्ष वाटली; मालविडेला तिचे लाड घातक वाटले. एकीनें नको म्हणावें व दुसरीनें द्यावें. मुलांनीं दोघींच्या तोंडाकडे पाहावें. आणि घरधन्यानें जुन्या मैत्रीच्या आनंदांत मध्यें पडूं नये. थोड्याच काळांत मालविडेनें तें घर सोडलें. अडीच वर्षें जिनें घर उभें ठेविलें, तिला तेथून निघावयास एक दिवस पुरला. तिला कोणीं हांकलून दिलें नाहीं. परंतु राहण्याचा हक्क ज्याला नाहीं त्याला हांकलावें लागतच नाहीं.

आम्हांस येथें हर्झेनची निंदा करावयाची नाहीं. रशियांतील कोट्यवधि भूदासांच्या मुक्तीसाठीं ज्यानें आपली लेखणी झिजविली, आणि १८६१ सालीं ती मुक्ति झालेली ज्यानें पाहिली, तो पुरुष लहान नव्हता. नतालीचीही बाजू अगदींच टाकाऊ नव्हती. मरणाऱ्या आईच्या शब्दाला वजन आहे, आणि रशियन मुलांनीं रशियन वळणांत वाढावें ही इच्छा कोणताही स्वदेशाभिमानी मनुष्य हंसण्यावारी नेणार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तीनही माणसें चांगलीं असतांना अन्याय घडला, आणि तो घडला याचें कारण घराची व्यवस्था कोणाच्याही शब्दांत बांधलेली नव्हती. दुष्ट धन्याच्या घरीं नोकराचे हाल होतात हें सांगण्यास संपादक लागत नाहीं. सज्जनांच्या घरीं हाल होतात तेव्हां दोष व्यवस्थेचा असतो, आणि तो दाखविणें हें आमचें काम आहे.

पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. नव्या व्यवस्थेंत मुलांचें नीट चाललें नाहीं, आणि १८६० नंतर ओल्गेला हर्झेननें पुन्हां मालविडेच्याच स्वाधीन केलें. या वेळीं मात्र घराच्या कोपऱ्यांत नव्हे; मुलगी तिच्याबरोबर, तिच्या स्वतःच्या बिऱ्हाडीं राहूं लागली. १८६२ च्या अखेरीपासून त्यांचें वास्तव्य बहुतेक इटलींत होतें. अधिकार व जबाबदारी एका हातीं आली, तेव्हां संगोपनाला स्थैर्य आलें. १८७० च्या जानेवारींत हर्झेन पॅरिसला वारला. ओल्गेनें १८७३ सालीं गाब्रिएल मोनो या फ्रेंच इतिहासकाराशीं विवाह केला, आणि ती १९५३ पर्यंत, शंभरी ओलांडून जगली.

परंतु दुसऱ्या बाजूचीही नोंद न्यायानें केली पाहिजे. ओल्गा जर्मन व फ्रेंच वळणांत इतकी मुरली कीं बापाची रशियन भाषा तिला परकी झाली, आणि याचें हर्झेनला अखेरपर्यंत दुःख होतें. ज्यानें आपल्या भाषेंतील छापखान्यासाठीं एवढा खटाटोप केला, त्याच्याच मुलीला ती भाषा नीट येऊं नये, यापरता दैवदुर्विलास कोणता? हा दोष सर्वस्वी मालविडेचा म्हणावयाचा काय? आमच्या मतें नाहीं. मुलीला कोणती भाषा आलीच पाहिजे, कोणत्या चालीरीती टिकल्याच पाहिजेत, हें बापानें आरंभींच सांगून त्यासाठीं सोय करून द्यावयाची होती. ज्यांस आपल्या मुलांचें मराठी टिकावें असें वाटतें, त्यांनीं मुलें परभाषी शिक्षकांच्या हातीं देतांना हें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. सोंपविणें म्हणजे विसरणें नव्हे.

मालविडेनें आपल्या आठवणी लिहिल्या. प्रथम १८६९ मध्यें फ्रेंच भाषेंत व पुढें १८७६ सालीं जर्मन भाषेंत त्या तीन भागांत निघाल्या, आणि परक्या घरांत वावरणाऱ्या बाईलाही स्वतःचें मन, मत व इतिहास असतो हें युरोपच्या वाचकांस त्यांतून समजलें. नीत्शेसारखा तत्त्ववेत्ता १८७६-७७ चा हिंवाळा सोरेंतो येथें तिच्या बिऱ्हाडीं राहिला होता. उतारवयांत ती रोममध्यें स्थायिक झाली. तेथें १८८९ नंतर एक तरुण फ्रेंच विद्यार्थी तिच्याकडे येऊं लागला. तो मोनोचा शिष्य, आणि त्याचें नांव रोमाँ रोलाँ. सत्तरी उलटलेल्या या बाईनें त्याच्या तरुण मनाला धीर दिला व दृष्टि दिली, असें तो कृतज्ञतेनें सांगत असे. याच रोलाँनें १९२४ सालीं महात्मा गांधींवर पुस्तक लिहून युरोपास त्यांची ओळख करून दिली, आणि १९३१ च्या डिसेंबरांत स्वित्झर्लंडमध्यें महात्माजींचें स्वागत केलें. मालविडा १९०३ सालीं रोममध्यें वारली; तिला हें पाहावयास मिळालें नाहीं. पण दुसऱ्यांच्या मुलांत पेरलेलें कोठें, कोणत्या देशाच्या कामीं उगवेल हें कोणी सांगावें?

आतां आमच्या घराकडे वळूं. मुंबई-पुण्यांतच काय, मध्यम शहरांतही नवराबायको दोघें कामावर जातात आणि मूल सांभाळणारी ताई, मावशी किंवा शिकवणीची बाई हीच दिवसाचे आठ-दहा तास मुलाची खरी पालक असते. तिच्या हातीं घराची किल्लीही असते. महाराष्ट्रांत घरेलू कामगारांच्या कल्याणासाठीं २००८ सालीं कायदा झाला. नोंदणीचा व साहाय्याचा मार्ग त्यानें दाखविला ही समाधानाची गोष्ट. परंतु कायद्याचा हात उंबरठ्यापर्यंत पोहोंचतो; उंबरठ्याच्या आंत न्याय करावयाचा तो घरधन्यानें व घरधनिणीनें. आणि हें फार कठीण नाहीं. पगार, साप्ताहिक सुटी व आजारपणाची रजा आरंभींच स्पष्ट बोलून ठेवावी, शक्य तर कागदावर लिहावी. काम बंद करावयाचें झाल्यास उभयपक्षीं किती मुदत द्यावयाची तें ठरवावें. मुलाच्या वळणाबाबत तिचा शब्द कोठें चालेल व कोठें आईबापांचा, हें मुलासमक्ष सांगावें आणि तिच्या पाठीमागें तो शब्द मोडूं नये. आजी, आत्या, पाहुणे यांपैकीं कोणी तिचा अपमान केला तर यजमानानें गप्प बसूं नये. हर्झेन गप्प बसला आणि त्याचें घर विस्कटलें. शेवटीं, ती निघून जाईल त्या दिवशीं मुलाला तिचा निरोप घेऊं द्यावा. ज्या मुलानें तिच्या मांडीवर झोंप घेतली त्याला ती एका संध्याकाळीं नाहींशी झालेली दिसावी, याहून वाईट धडा आपण त्याला काय देणार?

कांहीं वाचक म्हणतील कीं, असे हिशेब घालून माया आटेल. आमचा अनुभव उलट आहे. वकिलीच्या धंद्यांत आम्हीं जेवढे भागीदारीचे तंटे पाहिले, त्यांतील बहुतेक ‘‘आपण तर भाऊभाऊ’’ म्हणून ज्यांनीं कागद केला नाहीं त्यांचेच होते. चोख व्यवहारानें प्रेम मरत नाहीं. गृहीत धरल्यानें मात्र मरतें. राष्ट्राच्या स्वातंत्र्यासाठीं लेख लिहिणें मोठें आहेच. पण आपल्या चार भिंतींच्या आंत, आपल्याच मुलांस जी न्याय, सत्य व शिस्त शिकविते, तिला तीं तीन आपल्याकडून मिळतात कीं नाहीं, हें प्रत्येकानें आज संध्याकाळीं घरीं गेल्यावर एकदां पाहावें. आणि तिला ‘घरच्यासारखी’ म्हणण्याची संवय असेल, तर त्यांतील ‘सारखी’ काढून टाकावी. नाहीं तर निदान तिचा जो हक्क असेल तो चोख देऊन मोकळें व्हावें.